पेशीतलं प्रथिन आपल्या जागी पोचतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना, आणि पुढे बी.एस्सी.ला गेलेली मुलं भेटायला येतात तेव्हा, जे प्रश्न हमखास निघतात ते इथे एकत्र केले आहेत. काही पालकांचेही आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे गोम आहे तिथे रेंगाळलो आहे, बाकी ठिकाणी दोन ओळींत आटोपलं आहे. पारिभाषिक शब्द शक्यतो बालभारतीतलेच ठेवले आहेत. वर्गात आपण सरळ 'सिग्नल पेप्टाइड' म्हणतो, तिथे इथेही तेच.

मुळात अडचण काय आहे? प्रथिन तयार झालं, संपलं ना?

तयार होतं एकीकडे आणि लागतं भलतीकडे, ही अडचण. पेशीतली जवळपास सगळी प्रथिनं बनायला सुरुवात होते ती पेशीद्रव्यातल्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं जुळवणाऱ्या कणांवर. पण डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती हिस्टोनं हवीत केंद्रकात, श्वसनाची विकरं (एन्झाइम) हवीत तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात), आणि स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन तर पेशीच्याही बाहेर, आतड्यात. मधे पटलं आडवी. पटलाचा गाभा स्निग्ध. प्रथिनासारखा अवाढव्य आणि पाण्यात रमणारा रेणू त्यातून आपसूक आरपार जात नाही. म्हणजे कोणत्या पटलापाशी जायचं हे ठरायला हवं, आणि तिथे गेल्यावर ते ओलांडताही यायला हवं. माणसाच्या जनुकांपैकी साधारण एक-तृतीयांश जनुकांची प्रथिनं एकट्या आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) वाटेने जातात, यावरून पसाऱ्याचा अंदाज यावा.

काहून बा, एवढा खटाटोप कायले? जिथं पायजे तिथंच बनवून टाकाव नं!

शब्दशः असाच आलेला प्रश्न, आणि मला फार आवडलेला.

तंतुकणिका थोडंफार तसं करतेच. तिच्याकडे स्वतःचा डीएनए आहे, स्वतःचे रायबोसोम आहेत. पण माणसाच्या तंतुकणिकेत त्यावर बनतात फक्त १३ प्रथिनं. उरलेली हजाराच्या वर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रव्यात बनतात आणि मग आत घेतली जातात. गंमत अशी की ती १३ बनवायला तंतुकणिकेत जे रायबोसोम लागतात, त्यांची प्रथिनंही बाहेरूनच आणावी लागतात. प्रत्येक कप्प्यात असा वेगळा संसार मांडणं परवडणारं नाही.

तरी सूचना अगदीच वाया जात नाही. चेतापेशींसारख्या लांबलचक पेशी काही संदेशवाहक आरएनए टोकापर्यंत नेतात आणि प्रथिन तिथेच बनवतात. ही सोय मोजक्या प्रथिनांपुरती.

पत्ता असतो कुठे?

प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच. वेगळी चिठ्ठी जोडलेली नसते.

आंतर्द्रव्यजालिकेकडे जाणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीला साधारण १६ ते ३० अमिनो आम्लांचा तुकडा असतो आणि त्याचा मधला भाग पाण्याला बिचकणारा असतो. हेच सिग्नल पेप्टाइड. तंतुकणिकेचा पत्ताही बहुधा सुरुवातीलाच, पण त्याची घडण वेगळी: तो पिळदार वळतो तेव्हा एका बाजूला धन प्रभार येतात आणि दुसऱ्या बाजूला स्निग्ध अमिनो आम्लं. पेरॉक्सिसोमचा, म्हणजे पेशीतल्या एका छोट्या कप्प्याचा, पत्ता बहुधा शेवटी असतो आणि तो फक्त तीन अमिनो आम्लांचा, नमुन्यादाखल: सेरीन, लायसीन, ल्युसीन. इतक्या मोठ्या रेणूची रवानगी शेपटाच्या तीन अक्षरांवर ठरते.

केंद्रकाचा पत्ता कुठेही असू शकतो. सगळ्यात गाजलेला नमुना एसव्ही ४० या विषाणूच्या एका प्रथिनातला, १९८४ साली उलगडलेला: सात अमिनो आम्लं, त्यातली पाच लायसीन-आर्जिनीन. त्यातलं एक ठरावीक लायसीन बदललं की तेच प्रथिन केंद्रकाबाहेर पेशीद्रव्यात रेंगाळत बसतं.

हा केंद्रकाचा पत्ता कधी कापला जात नाही. आपल्या पेशी विभागताना दर वेळी केंद्रकपटल विरतं आणि आतली प्रथिनं बाहेर सांडतात. नवं केंद्रक बनलं की त्यांना पुन्हा आत जायचं असतं. सिग्नल पेप्टाइड मात्र बहुतेक वेळा आत शिरतानाच कापलं जातं.

ज्या प्रथिनावर कसलाच पत्ता नाही, त्याचं काय?

ते पेशीद्रव्यात राहतं. हिमोग्लोबिन असंच.

पुस्तकांत पोस्ट ऑफिसची उपमा देतात. ती बरोबर आहे का?

सुरुवातीला चालते. नागपूर शहराचा पिनकोड ४४० ने सुरू होतो. तेवढ्यावर पत्र आधी नागपूरकडे वळतं आणि शेवटचे तीन आकडे शंकरनगर की सदर ते ठरवतात. प्रथिनांतही असे टप्पे असतात: आधी आंतर्द्रव्यजालिका, तिथून गॉल्गी संकुल (चपट्या पिशव्यांची चळत), आणि पुढचा फाटा तिथे. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि सिग्नल पेप्टाइडचा पहिला ठोस मागमूस लागला तोही १९७२ सालीच; निव्वळ योगायोग, पण साल लक्षात ठेवायला बरा.

पण उपमा दोन ठिकाणी मोडते, आणि मला वाटतं की विषय खरा सुरू होतो तो तिथेच. पहिलं म्हणजे, पोस्टात पत्ता लिफाफ्यावर असतो आणि मजकूर आत. प्रथिनात पत्ता हा मजकुराचाच भाग आहे. दुसरं जास्त महत्त्वाचं: पोस्टात पत्ता वाचणारा माणूस असतो. पेशीत वाचणारं कुणी नाही. एक रेणू दुसऱ्याला धडकतो, जुळलं तर थोडा वेळ चिकटून राहतो, नाही जुळलं तर लगेच सुटतो. 'ग्राही प्रथिन सिग्नल ओळखतं' असं आपण लिहितो, त्याचा अर्थ इतकाच की त्या तुकड्याला ते इतरांपेक्षा घट्ट बसतं.

मग दिशा कुठून येते? नुसतं चिकटणं-सुटणं असेल तर प्रथिन आत जाईल तसं बाहेरही येईल. केंद्रकाचं उदाहरण घ्या. इम्पोर्टिन नावाचं प्रथिन पेशीद्रव्यात मालाला चिकटतं आणि केंद्रकछिद्रातून आत येतं. आत रॅन नावाचं एक छोटं प्रथिन असतं, जीटीपी हा ऊर्जेचा रेणू धरलेलं. ते इम्पोर्टिनला चिकटलं की माल सुटतो. बाहेर हेच रॅन जीडीपी (एक फॉस्फेट गमावलेला जीटीपी) धरून असतं, त्यामुळे तिथे माल सुटत नाही. आत जीटीपीवालं रॅन आणि बाहेर जीडीपीवालं, हा फरक कायम राखायला पेशी ऊर्जा मोजते. दिशा त्या फरकातून येते. बाकी सगळी धक्काबुक्कीच.

हे सगळं शोधलं कुणी?

पुष्कळांनी. पण तीन नोबेलं धरून चाललात तर धागा सापडतो: १९७४, १९९९ आणि २०१३.

जॉर्ज पलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप घेतले. हा अवयव पाचक विकरं धो-धो बनवतो, म्हणून निवडला. कापांना सुमारे तीन मिनिटं किरणोत्सारी ल्युसीन दिलं, मग साधं ल्युसीन देऊन किरणोत्सारी पुरवठा तोडला. त्यामुळे त्या तीन मिनिटांत बनलेलीच प्रथिनं चिन्हांकित झाली. पुढे वेगवेगळ्या वेळी काप रसायनांनी जागच्या जागी स्थिर केले, आणि किरणोत्साराने फिल्मवर उमटलेले ठिपके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली कुठे दिसतात ते पाहिलं. सुरुवातीला ठिपके खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर, थोड्या मिनिटांनी गॉल्गीच्या आसपास, आणि सुमारे दोन तासांनी पेशीच्या टोकाला विकरं साठवणाऱ्या कणिकांत. जिवंत पेशीत काहीही हलताना न बघता, फक्त थांबलेल्या चित्रांवरून वाट काढली. १९७४ चं नोबेल पलाडे यांना आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द दुव यांच्यासोबत मिळालं.

वाट कळली, पण त्या वाटेला प्रथिन लागतं कसं? ग्युंटर ब्लोबेल पलाडे यांच्याच विभागातले. १९७१ मध्ये त्यांनी आणि डेव्हिड सबातिनी यांनी कल्पना मांडली की प्रथिनाच्या सुरुवातीलाच काहीतरी खूण असावी. पुरावा तेव्हा जवळजवळ नव्हताच. १९७२ मध्ये केंब्रिजला सेसार मिलस्टाइन आणि सहकाऱ्यांना दिसलं की प्रतिपिंडाची (अँटिबॉडीची) हलकी साखळी आधी थोडी लांब बनते आणि नंतर तिचा सुरुवातीचा तुकडा नाहीसा होतो. मग १९७५ मध्ये ब्लोबेल आणि बेर्नहार्ड डोबरश्टाइन यांनी परीक्षानळीत पेशीविनाच प्रथिन बनवून दाखवलं. कुत्र्याच्या स्वादुपिंडातून काढलेले जालिकेचे तुकडे नळीत असले तर प्रथिन त्यांच्या आत शिरतं आणि तुकडा कापला जातो; नसले तर लांबच राहतं. मेख अशी की जालिका सुरुवातीपासून नळीत हवी. साखळी पुरी झाल्यावर घातली तर उपयोग नाही, कारण प्रथिन बनता बनताच आत ओवलं जातं.

ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल एकट्यांना मिळालं. लहानपणी ड्रेस्डेन बेचिराख झालेलं त्यांनी पाहिलं होतं. बक्षिसाची रक्कम त्यांनी तिथलं फ्राउएनकिर्शं हे चर्च आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ पुन्हा उभारायला देऊन टाकली.

२०१३ च्या तिघांबद्दल पुढे येतंच आहे.

खडबडीत जालिकेवरचे रायबोसोम आणि मोकळे रायबोसोम वेगळे असतात ना?

नाही. एकच साठा. ज्या रायबोसोममधून सिग्नल पेप्टाइड डोकावलं त्याला एसआरपी नावाचा कण पकडतो, बांधणी थोडी थबकवतो आणि रायबोसोमला जालिकेवर नेऊन बसवतो. काम झालं की रायबोसोम पुन्हा मोकळा. सस्तन प्राण्यांत हा एसआरपी सहा प्रथिनं आणि एक आरएनए मिळून बनलेला असतो. 'चिकटलेले रायबोसोम ही वेगळी जात' असं लिहिलेली उत्तरपत्रिका दर वर्षी हाती येते, म्हणून प्रश्न इथे घेतला.

एखाद्या प्रथिनाचा पूर्ण प्रवास सांगा ना, नाव घेऊन.

इन्सुलिन घेऊ. विदर्भात मधुमेह नसलेलं घर शोधावं लागतं, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत.

रायबोसोमवर बनायला लागतं ते इन्सुलिन नसतं, प्रीप्रोइन्सुलिन असतं: ११० अमिनो आम्लं. पहिली २४ सिग्नल पेप्टाइडची. ती एसआरपीला सापडतात, रायबोसोम जालिकेवर येतो, आणि सेक ६१ नावाच्या पटलातल्या अरुंद वाटेतून साखळी आत ओवली जाऊ लागते. आतल्या बाजूला एक विकर २४ चा तुकडा कापतं. उरतात ८६, हे प्रोइन्सुलिन. जालिकेत त्याची घडी पडते आणि गंधकाचे तीन बंध जुळतात. हे बंध चुकीचे जुळले तर प्रथिन पुढे जात नाही. इथे घडी बिघडवणारे काही जनुकीय बदल असे आहेत की बाळाला जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो.

घडी नीट बसलेलं प्रोइन्सुलिन पुटिकांत, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांत, बसून गॉल्गीत येतं. गॉल्गीच्या पलीकडच्या टोकाला ते साठवणीच्या कणिकांत भरलं जातं, आणि कापाकापीचा दुसरा हप्ता होतो तो या कणिकांत. मधला सी-पेप्टाइड सुटतो, ३१ अमिनो आम्लांचा. दोन्ही सांध्यांवरची चार अमिनो आम्लंही गळून पडतात. उरलेलं इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं: २१ ची ए साखळी आणि ३० ची बी. जस्ताच्या आधाराने सहा-सहा रेणू एकत्र येऊन कणिकेत दाटीवाटीने बसतात.

मग वाट बघणं. रक्तातली साखर वाढली, ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत शिरली, एटीपी वाढलं, पोटॅशियमची दारं मिटली, कॅल्शियम आत आलं, की कणिका पटलाशी एकजीव होऊन रिकाम्या होतात.

लॅबच्या रिपोर्टात 'सी-पेप्टाइड' लिहिलेलं असतं, ते हेच का?

हेच. धंतोलीत कुठल्याही पॅथॉलॉजीत ही तपासणी होते. कणिका फुटली की इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे एक सी-पेप्टाइड बाहेर पडतो. बाटलीतून टोचलेल्या इन्सुलिनसोबत तो नसतो. त्यामुळे इंजेक्शन चालू असलं तरी शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे सी-पेप्टाइडवरून कळतं. आकड्याचा अर्थ मात्र डॉक्टरांकडूनच घ्या. मी मास्तर आहे.

गॉल्गीत नक्की होतं काय? पुस्तकात 'पॅकेजिंग' म्हणून सोडून देतात.

खरंच सोडून देतात. कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये चांदीच्या रंजनाने चेतापेशीत ही जाळी पाहिली, पण पुढची पन्नासेक वर्षं अनेकांना तो रंजनाचाच दोष वाटत होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी आल्यावर वाद मिटला.

गॉल्गीत प्रथिनांवरच्या शर्करा छाटल्या-जोडल्या जातात, आणि त्या छाटणीतूनच कधी नवा पत्ता तयार होतो. लयकारिकेच्या (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीच्या) विकरांवरच्या मॅनोज शर्करेला इथे फॉस्फेट लागतं. हा मॅनोज-६-फॉस्फेट पुढच्या ग्राहीला चिकटतो आणि विकर लयकारिकेकडे वळतं. फॉस्फेट लावणारी यंत्रणा जन्मतः बिघडली तर आय-सेल नावाचा दुर्मीळ आजार होतो. त्यात विकरं चोख बनतात, रक्तात भरपूर सापडतात, पण लयकारिका त्यांच्यावाचून कचऱ्याने तुंबतात.

गॉल्गीच्या थरांमधून माल पुढे सरकतो की थरच पिकत पिकत पुढे सरकतात, हा वाद बरीच वर्षं चालला. २००६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी जिवंत यीस्टमध्ये एकच थर रंग बदलताना, म्हणजे आधी सुरुवातीची आणि मग शेवटची प्रथिनं धरताना दाखवला. यीस्टपुरता कौल पिकणाऱ्या थरांच्या बाजूने गेला. आपल्या पेशींत वाद पुरता शमलेला नाही.

पुटिका बरोबर पटलालाच कशी मिळते?

प्रथम हे शोधलं कसं ते ऐका, कारण युक्ती भन्नाट आहे. रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोविक यांनी यीस्टचे असे उत्परिवर्ती शोधले की जे २५ अंशांना ठणठणीत असतात आणि ३७ अंशांना त्यांचा स्राव बंद पडतो. हजारोंमधून ते वेचायचे कसे? स्राव अडला तरी पेशी प्रथिनं बनवतच राहते, पण पटलात भर पडत नाही म्हणून फुगत नाही. परिणामी ती जड होते, आणि घनतेच्या द्रवात फिरवली की खाली बसते. अशा वेचणीतून १९८० पर्यंत २३ जनुकं हाती आली.

जेम्स रॉथमन यांनी पेशी फोडून तीच वाहतूक नळीत चालवली आणि प्रथिनं एकेक करून वेगळी केली. १९९३ च्या सुमारास चित्र जुळलं: पुटिकेवर एक स्नेअर प्रथिन, लक्ष्य-पटलावर त्याचे जोडीदार. ती एकमेकांत पिळून घट्ट होतात आणि दोन्ही पटलं इतकी जवळ ओढतात की ती एकजीव होतात. आधी रॅब नावाची प्रथिनं पुटिका योग्य जागी थोपवून धरतात; माणसात रॅब साठाच्या वर आहेत. थॉमस स्युडहॉफ यांनी चेतापेशीत कॅल्शियम आल्याबरोबर हे मीलन नेमकं कसं घडतं ते उलगडलं. २०१३ चं नोबेल या तिघांचं.

याचा धनुर्वाताशी काय संबंध?

थेट संबंध आहे. धनुर्वाताचं विष हे एक कापणारं विकर आहे, आणि ते कापतं पुटिकेवरचं स्नेअर. विष स्नायूपाशी चेतातंतूत शिरतं, उलट दिशेने मेरुरज्जूपर्यंत जातं आणि तिथे स्नायूंना आवर घालणाऱ्या चेतापेशींत घुसतं. त्यांच्या पुटिका रिकाम्या होईनाशा होतात, आवर सुटतो आणि स्नायू आखडतात. बोटुलिनम या जिवाणूच्या विषाचा एक प्रकार, बी, तेच प्रथिन नेमक्या त्याच जोडावर कापतो. पण तो स्नायूपाशीच थांबतो, म्हणून स्नायू लुळे पडतात. कात्री तीच, जागा वेगळी आणि लक्षणं उलटी. हे १९९२ मध्ये कळलं, आणि स्नेअर खरंच कामाचे आहेत याचा मोठा पुरावाही त्यातूनच मिळाला.

जालिकेत राहायचं प्रथिन चुकून पुढे गेलं तर?

परत आणतात. जालिकेत मुक्कामी असणाऱ्या अनेक प्रथिनांच्या शेवटी लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ल्युसीन अशी चौकडी असते. गॉल्गीतला ग्राही तिला पकडतो आणि उलट जाणाऱ्या पुटिकेतून माघारी पाठवतो. म्हणजे ही प्रथिनं जागेवर घट्ट बसवलेली नसतात. ती निसटत राहतात आणि परत येत राहतात. मला पेशीच्या कारभाराचा हा नमुना फार मासलेवाईक वाटतो.

या परतीच्या वाटेचा फायदा कॉलरा उठवतो. कॉलराचं विष १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. त्या विषाच्या एका साखळीच्या शेवटी हीच चौकडी आहे. विष आतड्याच्या पेशीत शिरून उलटा प्रवास करत जालिकेपर्यंत जातं. तिथे बिघडलेली प्रथिनं बाहेर फेकायची जी वाट असते, तिने ते पेशीद्रव्यात उतरतं.

प्रथिन अगदी बरोबर, फक्त जागा चुकली, असा आजार असतो का?

असतो, आणि हा प्रश्न कुणी विचारला की त्या दिवशी मी तास वाढवतो.

यकृतात एजीटी नावाचं विकर असतं. माणसात त्याची जागा पेरॉक्सिसोम. तिथे तयार होणाऱ्या ग्लायॉक्झिलेटचं ते निरुपद्रवी ग्लायसीन करतं. काही लोकांमध्ये या प्रथिनाच्या अकराव्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसीन असतं. हा बदल अनेक निरोगी माणसांतही सापडतो. पण त्यामुळे प्रथिनाची सुरुवात किंचित तंतुकणिकेच्या पत्त्यासारखी होते. एरवी हे चालून जातं, कारण एजीटीची घडी चटकन पडते आणि तंतुकणिकेत शिरायला प्रथिन उलगडलेलं लागतं. पेरॉक्सिसोम मात्र घडी पडलेली प्रथिनंही घेतं. आता यात १७० व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन आलं की घडी मंदावते. झालं, बहुतेक एजीटी तंतुकणिकेत जाऊन बसतं. विकर तिथे कामसू आहे, पण काम करायला समोर ग्लायॉक्झिलेट नाही. इकडे पेरॉक्सिसोममध्ये ग्लायॉक्झिलेट साचतं, त्याचं ऑक्झॅलेट होतं आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे धरतात. या आजाराचं नाव प्रायमरी हायपरऑक्झॅल्युरिया, पहिला प्रकार. या विशिष्ट बदलाच्या काही रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वाने फरक पडतो.

उन्हाळ्यात नागपुरात मुतखड्याचे रुग्ण वाढतात, ते मुख्यतः पाणी कमी पडल्याने. हा आजार दुर्मीळ आहे. प्रत्येक खड्यामागे त्याला शोधू नका. जाता जाता: मांजरीसारख्या मांसाहारी प्राण्यांत हेच विकर मुख्यतः तंतुकणिकेत असतं आणि सशासारख्या शाकाहाऱ्यांत पेरॉक्सिसोममध्ये. 'चुकीची जागा' ही आहारावरही अवलंबून!

मग आपल्याकडचा सिकलसेल याच जातीचा आजार आहे का?

नाही. पूर्व विदर्भातले पालक हे हटकून विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन असतं. प्रथिन आपल्या जागीच, म्हणजे लाल पेशीच्या पेशीद्रव्यातच असतं. ऑक्सिजन कमी झाला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. चूक घडणीत आहे, पोचवण्यात नाही. तशीही पक्व लाल पेशीत केंद्रक नसतं, आंतर्द्रव्यजालिकाही नसते.

पोचवण्यातल्या बिघाडाचा माहितीतला आजार हवा असेल तर सिस्टिक फायब्रोसिस. १,४८० अमिनो आम्लांच्या सीएफटीआर प्रथिनातलं ५०८ वं फेनिलअ‍ॅलॅनीन गळालं की घडी बिघडते, जालिका त्याला पुढे सोडत नाही आणि ते मोडीत निघतं. घडीला आधार देऊन ते पटलापर्यंत पोचवणारी औषधं आता आहेत.

वनस्पतींत हे सगळं असतं का? संत्र्यात?

असतं, वर लवकांची (प्लास्टिडची) भर. संत्र्याच्या सालीला रंग देणारी कॅरोटिनॉइड्स लवकांत बनतात, पण ती बनवणाऱ्या विकरांची जनुकं केंद्रकात. विकरं पेशीद्रव्यात बनून, लवकाचा पत्ता घेऊन आत जातात. फोडीतल्या रसाचं आम्ल असतं रिक्तिकेत, आणि तिच्या पटलातले प्रोटॉन पंप जालिकेच्या वाटेने आलेले.

हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल असं काही?

गव्हाचा प्रयोग करा. गहू उगवताना दाण्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी अमायलेज बनवतात आणि जालिका-गॉल्गीच्या वाटेने बाहेर सोडतात.

१०० मिली पाण्यात १ ग्रॅम स्टार्च आणि दीड-दोन ग्रॅम अगार उकळून पेट्री डिशमध्ये ओता. रात्रभर भिजवून दोन दिवस मोड आणलेले गहू ब्लेडने अर्धे कापा आणि कापलेली बाजू खाली करून ठेवा. शेजारी एक उकळलेला मोडाचा दाणा ठेवा, एक नुसता भिजवलेला. दिवसभराने दाणे उचला आणि पातळ आयोडीन ओता. सगळी डिश निळी-काळी होईल, मोडाच्या दाण्याखाली आणि भोवती फिकट वर्तुळ राहील. उकळलेल्याखाली काही नाही.

भिजवलेल्या दाण्याखाली थोडं फिकट दिसलं तर गोंधळू नका. गव्हाच्या कोरड्या दाण्यातही बीटा अमायलेज आधीपासून असतं. कापताना फुटलेल्या पेशींतूनही थोडं विकर गळतं, त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या वहीत 'स्राव सिद्ध झाला' असं लिहू नका, 'स्रावाशी सुसंगत' लिहा. आणि हे दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरका. एप्रिलमध्ये आपल्याकडे अगार एका दुपारीत चामड्यासारखं वाळतं. करायचंच असेल तर डिश झाकणाच्या डब्यात ओल्या कापसासोबत ठेवा.